'डाउट' आणि शंका

परभाषेंतून आलेले बहुतेक शब्द मराठी घरांत निमूटपणें नांदतात. 'टेबल', 'पेन्सिल' यांनीं कोणाचें कांहीं बिघडविलें नाहीं. परंतु कांहीं शब्द आंत येतात आणि आपल्याच एखाद्या जुन्या शब्दाचा अंगरखा चढवून बसतात. मग त्यांच्या माहेरचीं माणसें त्यांस ओळखीनाशीं होतात. 'डाउट' हा शब्द या जातीचा आहे. पुण्यांतील शिकवणीच्या वर्गांत 'सर, मला एक डाउट आहे' हें वाक्य दिवसांतून किती वेळां उच्चारलें जातें याची मोजदाद करण्याच्या भरीस कोणी पडूं नये. 'डाउट' विचारण्यासाठीं तेथें निराळा तासही राखून ठेवतात. या वाक्यांत अविश्वासाचा लवलेश नसतो. एक ठिकाण नीट समजलें नाहीं, तें पुन्हां सांगावें, एवढीच त्या मुलाची विनंती असते.

हाच मुलगा पुढें परदेशीं शिकावयास जातो, आणि तेथील प्राध्यापकांस लिहितो कीं, आपल्या व्याख्यानाविषयीं मला कांहीं 'डाउट' आहेत. वाचणारा गृहस्थ जन्माचा इंग्रज असेल, तर आपलें म्हणणें या विद्यार्थ्यास खरें वाटत नाहीं, असा अर्थ तो सहज घेईल. विद्यार्थी मनांत नम्र आणि कागदावर उद्धट, असा हा प्रकार आहे. तेथें 'क्वेश्चन' हा साधा शब्दच योग्य होय.

मग आपल्याकडे हा अर्थ आला कोठून? तो 'शंका' या शब्दापासून आला हें उघड आहे. (लघुशंकेचा विचार येथें नको.) शास्त्राध्ययनाच्या जुन्या पद्धतींत शंका घेणें हा अपराध नव्हता; उलट, तो पाठाचा भागच होता. टीकाकार प्रथम पूर्वपक्ष मांडतो, म्हणजे विरोधकाची शंका स्वतःच्याच तोंडानें बोलून दाखवितो, आणि नंतर तिचें समाधान करतो. न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत प्रमाण व प्रमेय यांच्या मागोमाग तिसरें स्थान संशयास दिलेलें आहे. अंधुक उजेडांत समोर दिसतें तें खोड कीं मनुष्य, हें त्याचें नेहमींचें उदाहरण. ज्यास हा संशय येत नाहीं, तो पुढें जाऊन पाहणार तरी कशाला? पुण्यास विश्रामबागवाड्यांत १८२१ सालीं संस्कृत पाठशाळा निघाली, तिच्यांतही न्यायशास्त्राचें अध्ययन होतेंच. पुढें इंग्रजी शाळा आल्या, तेव्हां 'शंका' गेली आणि तिच्या जागीं 'डाउट' बसला. परंतु विचारण्याची रीत जुनीच राहिली. इतकी चांगली रीत टिकली याचा मला आनंदच वाटतो. तक्रार आहे ती केवळ शब्दाविषयीं.

इंग्रजी शब्दाचें कूळ लॅटिन असून त्याचें नातें 'दोन' या संख्येशीं आहे. आपल्या 'द्विधा' या शब्दाशीं तें किती जुळतें पाहा! फ्रेंचमार्गें तो इंग्रजींत आला तेव्हां त्यांत 'बी' हें अक्षर लिहीत नसत. मागाहून पंडितांनीं लॅटिनची आठवण म्हणून तें घुसडलें. उच्चारांत मात्र तें कधींच आलें नाहीं. त्यापायीं आपल्याकडील मुलांच्या किती पिढ्यांनीं छड्या खाल्ल्या असतील! जुन्या इंग्रजींत या शब्दाचा 'भीति' असाही अर्थ होता. संस्कृत 'शंका' शब्दाचेंही तसेंच आहे. म्हणून तर 'निःशंक' म्हणजे निर्भय.

या जुन्या अर्थाची खूण स्कॉटलंडांत आढळते. पाऊस येईल असा मला 'डाउट' आहे, असें तिकडचा मनुष्य म्हणाला, तर छत्री घ्यावी. पाऊस येईलसें वाटतें, असें त्याचें म्हणणें असतें. तेंच वाक्य लंडनचा मनुष्य बोलला, तर पाऊस बहुधा येणार नाहीं. आपली मराठी या बाबतींत स्कॉटलंडच्या बाजूची आहे. 'त्यानेंच पैसे घेतले अशी मला शंका आहे' म्हणजे त्यानें ते घेतले असावेत. याचें शब्दशः इंग्रजी करून तेथें 'डाउट' घातला, कीं अर्थ उलटा होऊन तो मनुष्य जवळजवळ निर्दोष ठरतो! तेथें 'सस्पेक्ट' हें क्रियापद पाहिजे. तसाच 'नो डाउट' हा प्रयोग. आपण तो 'निःसंशय' या अर्थीं ठासून बोलतों. परंतु इंग्रज मनुष्य तो पुष्कळदां 'बहुधा' इतक्याच जोरानें वापरतो.

आणखी एका ठिकाणीं हा शब्द एखाद्याच्या जन्माशीं खेळतो. 'संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता' असें वर्तमानपत्रांत आलें, कीं शेजारपाजारची मंडळी म्हणतात, 'सुटला खरा, पण संशय उरलाच ना!' सोयरीक ठरवितांना हें वाक्य हमखास निघतें. वास्तविक, येथें संशय कोर्टास आरोपीच्या वर्तनाविषयीं असतो त्यापेक्षां सरकारपक्षाच्या पुराव्याविषयीं असतो. गुन्हा शाबीत करण्याचा भार फिर्यादी पक्षावर आहे. आपण निरपराधी असल्याचें सिद्ध करणें हें आरोपीचें काम नव्हे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें 'सिद्ध', 'असिद्ध' यांच्या व्याख्या करतांना सुज्ञ मनुष्याची कसोटी घातली. ज्या 'वाजवी संशया'चा आपण नेहमीं उल्लेख करतों, तो शब्दप्रयोग त्या व्याख्यांत नाहीं. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमानें घेतली असून, त्यांतही हीच कसोटी कायम आहे. सरकारी नोकरींत घेतांना मात्र सन्मानपूर्वक सुटका आणि संशयाच्या फायद्यानें झालेली सुटका यांत न्यायालयें भेद करीत आलीं आहेत, हेंही सांगितलें पाहिजे. म्हणून एखाद्या स्थळाच्या चौकशींत असें प्रकरण निघाल्यास, निकालपत्राची शेवटची ओळ तेवढी पाहून उठूं नये. कोणता साक्षीदार कां मानला नाहीं, कोणत्या कागदास कां किंमत दिली नाहीं, हें आधींच्या पानांत लिहिलेलें असतें, आणि संशय नेमका कशाविषयीं होता तें तेथेंच समजतें.