द्राक्षबागेंतील हायड्रोजन सायनामाईड : उपयोग, धोके व खबरदारी

पुण्यास स्वारगेटच्या एस. टी. स्थानकाजवळ राहणाऱ्या मनुष्यास हंगाम ओळखण्यासाठीं पंचांग उघडावें लागत नाहीं. उतारूंच्या हातांत काय आहे, एवढें पाहिलें म्हणजे पुरे. मृगाच्या सुमारास बियाण्याच्या पिशव्या दिसूं लागतात. दसऱ्याच्या आगेमागें सांगली-सोलापूरकडील द्राक्ष बागाईतदार दिसतात, आणि त्यांच्या सामानांत बहुधा एखादा प्लास्टिकचा कॅन असतो. गेल्या आश्विनांत अशाच एका कॅनवरून फलाटावर तंटा झाला. बूच सैल होऊन पिशवी भिजली होती व वाहक ती गाडींत घेऊं देईना. "अहो, झाडाचें औषध आहे, विष नव्हे," असें मालकाचें म्हणणें. प्रस्तुत लेखक जवळच उभा होता. तीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केल्यामुळें लिहिलेला कागद दिसला कीं वाचावयाची खोड जडली आहे. कॅनवरचें पत्रक वाचलें आणि त्यांतील एका ओळीनें जुना एक कागद डोळ्यांपुढें उभा राहिला. त्या कागदाची हकीकत पुढें येईलच. आधीं ह्या रसायनाची ओळख करून घेऊं.

ह्याचें शास्त्रीय नांव हायड्रोजन सायनामाईड. बागाईतदारांच्या बोलण्यांत तें 'पेस्टिंगचें औषध' होय. मूळ पदार्थ कारखान्यांतील व प्रयोगशाळेंतील. औषधें व इतर रसायनें बनविण्यास तो लागतो. बाजारांत मिळतें तें त्याचें सुमारें ५० टक्के तीव्रतेचें पाण्यांतील द्रावण. त्याचें घराणें जुनें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनींत फ्रांक व कारो ह्या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं तापविलेल्या कॅल्शियम कार्बाईडवर हवेंतील नत्र खेळवून कॅल्शियम सायनामाईड तयार केलें. तें खत म्हणून पुष्कळ वर्षें वापरांत होतें. आपलें द्रावण त्याच कुळांतील.

आपल्या बागांना त्याची गरज कां पडली, हेंही समजून घेतलें पाहिजे. थंड मुलखांत हिवाळ्यांत वेल पानें गाळून निजतो व थंडी सरतांच सर्व डोळे जवळजवळ एकदम फुटतात. आपल्याकडे तशी थंडी नाहीं. म्हणून एप्रिलमध्यें खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या करून आपण एक पीक घेतों. गोडी छाटणीनंतर शेंड्याचे डोळे आधीं फुटतात, मागले मागें राहतात. घड लहान-मोठे होतात व एकाच बागेंत औषधपाण्याच्या दोन तऱ्हा कराव्या लागतात. छाटणीनंतर एक-दोन दिवसांत डोळ्यांवर हें द्रावण लावल्यास फूट एकसारखी येते. काडीची जाडी व हवेची उष्णता पाहून लिटरभर पाण्यास ३० ते ४० मिलिलिटर असें प्रमाण सर्वसाधारणपणें घेतात. उपयोग खरा आहे, तो कोणी नाकारीत नाहीं. पण ज्याचा उपयोग मोठा, त्याची शिस्तही मोठी असावी लागते.

आतां धोक्यांचें पाहूं. पहिला धोका कातडीचा व डोळ्यांचा. मूळ द्रावण अंगावर सांडल्यास आग होते, पुरळ उठतें, कातडी भाजल्यासारखी होते. कांहीं माणसांना एकदां असा त्रास झाला कीं पुढें थोड्याशा स्पर्शानेंही तो पुन्हां होतो. डोळ्यांत थेंब गेल्यास दृष्टीस कायमची इजा होण्याचें भय असतें. शिवाय तें कातडीवाटे शरीरांत शिरतें. पोटांत जावयासच पाहिजे असें नाहीं. आपल्याकडे मजूर स्त्री-पुरुष वाटींत द्रावण घेऊन स्पंजाच्या तुकड्यानें डोळा न् डोळा पुसतात. हात वर, काडी वर, आणि ओघळ कोपरापर्यंत, असा तो प्रकार आहे. कापडी हातमोजे घातले तर ते भिजून औषध कातडीशीं धरून ठेवतात; म्हणजे रक्षण दूरच, उलट अपाय.

दुसरा धोका साठवणीचा. उष्णता लागली, अथवा आम्ल किंवा चुना-सोड्यासारखा क्षार त्यांत मिसळला, तर हें द्रावण आपोआप तापूं लागतें. कॅन फुगून फुटूं शकतो. धातूचीं भांडीं तें खातें. पत्र्याच्या खोपटांत, उन्हांत, खतांच्या गोण्यांशेजारीं हा कॅन ठेवणें म्हणजे निखारा गवतांत ठेवण्यासारखें आहे.

तिसरा धोका मद्याचा, आणि तोच फार थोड्यांस ठाऊक आहे. मद्य पोटांत गेल्यावर यकृत त्याचें आधीं ॲसिटाल्डिहाईड नांवाच्या विषारी पदार्थांत व मग निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करितें. सायनामाईड ह्यांतील दुसरी पायरीच अडवितें. मग तो मधला विषारी पदार्थ रक्तांत साचतो. चेहरा व मान लालबुंद होते, छाती धडधडते, डोकें ठणकतें, ओकाऱ्या होतात, श्वास कोंडतो, रक्तदाब उतरतो. प्रसंगीं जीवावर बेततें. १९१४ सालींच जर्मनींतील एका वैद्यानें सायनामाईड खताच्या कारखान्यांतील कामगारांमध्यें हा विकार नोंदविला होता. पुढें ह्याच गुणाचा उपयोग करून दारूचें व्यसन सोडविण्याचें औषधही निघालें.

आतां तो जुना कागद. माझ्या नोकरीच्या काळांत द्राक्षाच्या एका गांवीं पेस्टिंगचें काम करून आलेला एक मजूर सायंकाळीं थोडी दारू घेऊन घरीं गेला आणि अर्ध्या घटकेंत कोसळला. दवाखान्यांत तो वांचला; पण महिनाभर कामास उभा राहूं शकला नाहीं. त्याच्या बायकोनें मदतीचा अर्ज केला. अर्जावर जबाब झाले. गांवकऱ्यांनीं सांगितलें कीं, दारू प्याला व पडला. तें खोटें नव्हतें. 'मद्यप्राशनामुळें प्रकृति बिघडली, सबब अर्ज निकालीं काढावा', ही ओळ माझ्याच हातची. दिवसभर त्याच्या हातांवरून कोणतें औषध ओघळलें, हें कोणीं विचारलें नाहीं, मींही नाहीं. ती बाई कचेरींत येऊन सांगत होती कीं, "ते रोज घेतात, पण असें कधीं झालें नाहीं." तिच्या ह्या एका वाक्यांत निदान होतें. तें कळावयास मला स्वारगेटच्या फलाटावरचें पत्रक वाचावें लागलें.

हा प्रकार केवळ आपल्याच देशांतला नव्हे. इटलींत २००२ ते २००४ ह्या काळांत ह्या रसायनामुळें आजारी पडलेल्या लोकांची नोंद झाली. युरोपीय संघानें २००८ सालीं शेतींतील वापरास मान्यता नाकारली. आपल्या राज्यांत २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. तेथील औषधें निराळीं होतीं, पण उघडे हात व न वाचलेलें पत्रक हीं येथेंही तींच आहेत.

म्हणून बागाईतदार बंधूंनीं पुढील गोष्टी कटाक्षानें पाळाव्या :

१. कॅन उतारूंच्या गाडींतून नेऊं नये. मूळ वेष्टणांत, बूच घट्ट करून, उभा, मालाच्या वाहनांतून न्यावा.

२. साठवण थंड, सावलीच्या, हवेशीर व कुलुपाच्या जागीं करावी. पाण्याच्या वा सरबताच्या बाटलींत औषध कधींही ओतून ठेवूं नये.

३. द्रावण प्लास्टिकच्या भांड्यांतच करावें. उरलेलें परत कॅनांत ओतूं नये.

४. मजुरांस कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे व बूट मालकानें द्यावे. कीटकनाशकांविषयींच्या १९७१ च्या नियमांनीं हीं रक्षणाचीं साधनें पुरविण्याची जबाबदारी मालकावरच टाकली आहे. तो उपकार नव्हे.

५. काम चालू असतां खाणें, तंबाखू व विडी वर्ज्य. काम संपतांच साबणानें अंग धुवावें. कपडे निराळे धुवावे.

६. कामाच्या आदल्या दिवसापासून काम संपल्यानंतर सात दिवसांपर्यंत मद्याचा थेंब घेऊं नये. हें मजुरांस पहिल्याच दिवशीं, सर्वांसमक्ष, स्पष्ट शब्दांत सांगावें. 'आमच्यांत कोणी घेत नाहीं' ह्या उत्तरावर विसंबूं नये. आणि ज्याला हें जमणार नाहीं असें वाटेल, त्याला लाजविण्याऐवजीं त्या आठवड्यांत दुसरें काम द्यावें.

अपघात झालाच, तर भिजलेले कपडे ताबडतोब काढून अंग भरपूर पाण्यानें धुवावें. डोळे निदान पंधरा मिनिटें वाहत्या पाण्यानें धुवावे. पोटांत गेल्यास आपल्या अकलेनें ओकारी काढूं नये. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी आणि रोग्याबरोबर कॅनवरचें पत्रक अवश्य न्यावें. ह्याचें कारण असें कीं, सायनामाईड व सायनाईड हीं नांवें कानाला सारखीं लागतात, पण पदार्थ निराळे आहेत. सायनाईडवरचा उतारा येथें चालत नाहीं, आणि सायनामाईडवर खास उतारा नाहीं. लक्षणें पाहूनच उपचार करावे लागतात. दारू घेतली असल्यास तेंही डॉक्टरांपासून लपवूं नये.

फलाटावरच्या त्या गृहस्थांनीं अखेर कॅन पुण्यांतच एका ओळखीच्या दुकानीं ठेवला व मालाच्या टेंपोनें मागविण्याचें ठरविलें. जातांना त्यांनीं पत्रकावरची ती ओळ मला दोनदां मोठ्यानें वाचावयास लावली. त्यांच्या बागेंत त्या आठवड्यांत बारा माणसें कामास येणार होतीं. आपल्या बागेंत जितकीं माणसें येत असतील, तितक्यांना ती ओळ छाटणीपूर्वीं वाचून दाखवावी, एवढीच विनंति.