दुसऱ्याच्या कोडमध्ये हात घालताना

कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडा, एखाद्या वर्तमानपत्राची साइट लावा आणि एफ-12 दाबा. खिडकीच्या एका कडेला त्या पानाची आतली बाजू उघडते: टॅग, रंगांचे आकडे, फॉन्टची नावं. त्यातल्या मथळ्यावर डबल क्लिक करून मजकूर बदलला, की शेजारच्या बातमीचा मथळाही तत्क्षणी बदलतो. वर्गात हे पहिल्यांदा दाखवलं की हमखास विचारलं जातं, "सर, आपण साइट हॅक केली का?" केलेली नसते. बदल होतो तो आपल्या ब्राउझरमध्ये उतरलेल्या प्रतीत. पान रिफ्रेश केलं की सगळं जागच्या जागी. पण एवढ्या पाच मिनिटांत मुलांना कळतं की वेब पेज हा कुणीतरी लिहिलेला मजकूर आहे आणि तो वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. (व्हॉट्सॲपवर फिरणारे बातम्यांचे स्क्रीनशॉट बनवायला किती सोपे असतात, हेही जाता जाता समजतं. तेवढ्यासाठी तरी हा प्रयोग घरातल्या मोठ्यांनाही दाखवावा.)

आपल्याकडे अकरावी-बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात एचटीएमएल आहे, जावास्क्रिप्ट आहे, पीएचपीसुद्धा आहे. मुलं प्रॅक्टिकल करतात, जर्नल लिहितात, सही घेतात. नोटपॅडमध्ये लिहिलेली ती फाइल मग लॅबमधल्या कॉम्प्युटरच्या कुठल्यातरी फोल्डरमध्ये पडून राहते. शिक्षक आणि परीक्षक सोडले तर ती कुणी पाहत नाही, त्यात चूक कुणी दाखवत नाही, ती उचलून कुणी पुढेही नेत नाही. वेब शिकवायचा आणि त्यातली माणसं वगळायची, असा हा प्रकार आहे. माझ्या मते टॅग पाठ करण्यापेक्षा दुसऱ्याच्या कामात हात कसा घालावा आणि आपल्या कामात दुसऱ्याला हात कसा घालू द्यावा, हे शिकणं जास्त कठीण आहे. आता तर एआय अर्ध्या मिनिटात आख्खं पान लिहून देतं. ते वाचून त्यात खोट काढणं मात्र आपल्यालाच यावं लागतं.

मुळात वेबची कल्पनाच अशी होती. टिम बर्नर्स-ली यांनी 1990 मध्ये सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तो पानं दाखवायचा आणि त्याच खिडकीत ती दुरुस्तही करता यायची. पण तो नेक्स्ट कंपनीच्या मशीनवरच चालायचा. 1993 मध्ये सर्वसामान्यांपर्यंत पोचलेल्या मोझेक ब्राउझरमध्ये पान दुरुस्त करायची सोय नव्हती, आणि वाचणारे एकीकडे, लिहिणारे दुसरीकडे अशी वाटणी झाली. वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1995 मध्ये पहिली विकी, म्हणजे वाचणाऱ्यालाच दुरुस्त करता येईल अशी साइट, सुरू केली तेव्हा ही भिंत पुन्हा पाडली गेली. 2001 मध्ये विकिपीडिया आला, 2003 मध्ये मराठी विकिपीडिया. विद्यार्थ्यांसाठी याहून स्वस्त प्रयोगशाळा नाही. आपल्या तालुक्यावरचा लेख उघडायचा, त्याचा इतिहास पाहायचा, कुणी कधी काय बदललं ते वाचायचं आणि संदर्भासह एक वाक्य भरायचं. ते वाक्य कुणी उडवलं तर चर्चापानावर जाऊन कारण विचारायचं. तो वाद सभ्यपणे घालता आला की निम्मं शिक्षण तिथेच झालं.

लहान मुलांसाठी हेच काम स्क्रॅच करतं. एमआयटी मीडिया लॅबमधल्या मिचेल रेस्निक यांच्या गटाने 2007 मध्ये ते खुलं केलं. रंगीत ठोकळे जोडून गोष्टी आणि खेळ बनवायचे, ते साइटवर टाकायचे आणि दुसऱ्याचा प्रकल्प आवडला तर रीमिक्स करून आपला करायचा, अशी ही रचना. 'चोरी' हा शब्द तिथे लगेचच ऐकू येऊ लागला. माझा खेळ त्याने जसाच्या तसा उचलला, अशी मुलांची तक्रार. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक रीमिक्सखाली मूळ प्रकल्पाचं आणि कर्त्याचं नाव आपोआप येईल अशी व्यवस्था केली गेली. साइट घडवणारे आंद्रेस मोनरॉय-हेर्नांडेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे अभ्यास केला तेव्हा लक्षात आलं की मुलांचं एवढ्यावर समाधान होत नाही. कॉम्प्युटरने छापलेलं नाव त्यांना पुरत नव्हतं. रीमिक्स करणाऱ्याने स्वतः टाइप केलेले आभार हवे होते. श्रेय यंत्राला देता येत नाही, ते माणसानेच द्यावं लागतं, हे शाळकरी पोरांना कुणी न शिकवता कळलं होतं.

आता पान प्रत्यक्ष मराठीत बनवायला बसू. 'नमस्कार' हा साधा शब्द घ्या. युनिकोडच्या हिशेबाने त्यात न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हं आहेत. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण 21 बाइट. पानाच्या डोक्यावर 'मेटा कॅरसेट यूटीएफ-8' ही ओळ नसेल आणि ब्राउझरचा अंदाज चुकला, तर तो एकेका बाइटला स्वतंत्र अक्षर समजतो आणि नमस्काराच्या जागी टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो. मुलांना हे मुद्दाम करून दाखवावं: ओळ काढा, पाहा, घाला, पाहा. दुसरी ओळ आणखी मजेची आहे. पानाची भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, अशी नोंदवली तर ज्या फॉन्टमध्ये तशी सोय आहे तिथे ल आणि श यांची आपल्या पुस्तकांतली वळणं उमटतात; नाहीतर हिंदी धाटणीचे ल आणि श येतात. इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये ही गोष्ट सहसा सापडत नाही. असे शोध मुलांनी एकमेकांना सांगायचे असतात.

चार जणांनी मिळून एक साइट करायची ठरवली की प्रत्येकाच्या बदलांची नोंद ठेवणारं गिट लागतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. 2008 मध्ये आलेल्या गिटहबने त्यावर माणसांची वस्ती उभी केली. गॅदरिंगची साइट आहे असं समजा. एकीने स्वतःच्या प्रतीत कार्यक्रमाची तारीख 12 केली, दुसऱ्याने त्याच ओळीत 13. दोन्ही बदल एकत्र करायला गेलं की गिट थांबतं. फाइलमध्ये सात बाणांची एक ओळ येते, तिच्याखाली एकीचा मजकूर, मग सात बरोबरची चिन्हं, दुसऱ्याचा मजकूर आणि उलट दिशेचे सात बाण. याला मर्ज कॉन्फ्लिक्ट म्हणतात, आणि बहुतेक मुलं इथे घाबरून फोल्डरच डिलीट करतात. खरं तर गिटने एवढंच म्हटलेलं असतं: तुम्ही दोघं आधी बोलून घ्या. तारीख कोणती ते गिटला माहीत नाही, सांस्कृतिक प्रमुखाला माहीत आहे. त्याला विचारायचं, नको ती ओळ, बाण आणि बरोबरची चिन्हं पुसायची, कमिट करायचं, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवायचा. कमिटच्या संदेशात 'फायनल', 'फायनल न्यू' असं न लिहिता 'गॅदरिंगची तारीख दुरुस्त केली' असं लिहायचं. सहा महिन्यांनी तो संदेश वाचणारा माणूस बहुधा आपणच असतो.

ही रीत न शिकवता नुसती बटणं शिकवली की काय होतं, तेही पाहून झालं आहे. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात टी-शर्टच्या आशेने इतक्या निरर्थक पुल रिक्वेस्ट (दुसऱ्याच्या प्रकल्पात आपला बदल घ्यावा अशा विनंत्या) आल्या, की आयोजकांना ऐन महिन्यात नियम बदलून फक्त स्वतःहून सहभागी होणाऱ्या प्रकल्पांपुरता तो मर्यादित करावा लागला. 2024 च्या सुरुवातीला एक्स्प्रेस या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पाच्या माहितीपानात स्वतःचं नाव घालण्यासाठी भारतीय विद्यार्थ्यांनी रांग लावली, कारण एका लोकप्रिय ट्यूटोरियलमध्ये उदाहरण म्हणून तसं करून दाखवलं होतं. फुकटात प्रकल्प सांभाळणाऱ्यांना त्या विनंत्या एकेक करून बंद कराव्या लागल्या. समाजमाध्यमांवर त्या मुलांची यथेच्छ टिंगल झाली. मला दोष शिकवणाऱ्यांचा वाटतो. पुल रिक्वेस्ट म्हणजे अनोळखी माणसाचा वेळ मागणं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

साधनांच्या मोहात फार पडू नये. मोझिलाचं थिंबल हे वर्गासाठी उत्तम साधन 2019 च्या अखेरीस बंद झालं. त्यातले प्रकल्प ज्या ग्लिचवर हलवता आले, त्या ग्लिचनेही 2025 मध्ये होस्टिंग थांबवलं. ज्यांच्याकडे आपल्या फाइलींच्या प्रती होत्या त्यांचं काही बिघडलं नाही. नोटपॅड, ब्राउझर आणि पेनड्राइव्ह एवढ्यावर सुरुवात होते. मराठीतून ऐकत शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात मराठी ध्वनिमुद्रणंही आहेत. गिटहबवर खातं काढायला किमान 13 वर्षं वय लागतं, आणि कुठल्याही सार्वजनिक पानावर मुलांचा फोन नंबर किंवा घरचा पत्ता जाता कामा नये.

आयटीच्या शिक्षकांना एकच विनंती. यंदाच्या जर्नलमध्ये एक जास्तीचं पान ठेवा. वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्या साइटमध्ये आपण कोणती दुरुस्ती सुचवली, ती त्याने घेतली की नाकारली आणि का, हे प्रत्येकाने त्यावर लिहावं. बाकीच्या प्रॅक्टिकलइतकेच गुण त्या पानालाही द्या.