एक बोलायचं होतं



भालकी भागातल्या एका खेड्यात आमच्या मंडळीतली एक आज्जी राहायची. माहेर उदगीरकडचं. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा बीदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, आम्ही म्हैसूर राज्यात आलो. सोयरिकी तुटल्या नाहीत, पण भाषा घराघरांत वाटल्या गेल्या. आज्जी मराठीत बोलायची, नातवंडं कन्नड शाळेतली, बाजारात दखनी, रविवारची उपासना कन्नडमध्ये. तिचं बोलणं पुरतं समजून घेणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

आजाऱ्यांना भेटायचं काम मंडळीनं माझ्याकडे दिलेलं. मी गेलो, पवित्र शास्त्र उघडलं, तेविसावं स्तोत्र वाचलं, लांबलचक प्रार्थना केली, चहा घेतला आणि उठलो. तिनं माझा हात धरला. म्हणाली, "बाबा, एक बोलायचं होतं." मी म्हणालो, "आज्जी, काळजी करू नका. देवाला सगळं ठाऊक आहे." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तिनं हात धरला नाही. मला वाटलं, चला, आज्जीला शांती मिळाली.

चौथ्या आठवड्यात आज्जी गेली. दफनविधी झाल्यावर शेजारच्या खालानं मला बाजूला बोलावलं. एका लग्नातल्या मानपानावरून आज्जीचं नि धाकट्या बहिणीचं बोलणं बंद होतं, बरीच वर्षं. बहीण उदगीरला. मुलांना सांगायची सोय नव्हती, भांडण त्यांच्यापर्यंत पोचलेलं. मी सभांसाठी उदगीरला जातो म्हणून माझ्याकडून निरोप धाडायचा होता: माझंच चुकलं, एकदा येऊन जा.

इशाची नमाज झाली की खाला रोज आज्जीजवळ येऊन बसायची. तिला मराठी अर्धीमुर्धीच येते, तरी तिनं ऐकलं. मला पुरती येते, मी ऐकलं नाही.

मी उदगीरला गेलो. बहिणीनं दारातच विचारलं, "शेवटी काय म्हणाली ती?" खालाकडून कळलेलं मी सांगितलं. पण आज्जीच्या तोंडचा एक शब्दही माझ्याजवळ नव्हता. बहीण रडली, आणि मी खाली मान घालून बसलो.

तेव्हापासून १ शमुवेल ३ मी वेगळ्या नजरेनं वाचतो. शमुवेलाला हाक आली की तो उठून म्हाताऱ्या एलीकडे धावला, एकदा नाही, तीनदा. आपण म्हणतो, त्याला देवाचा आवाज ओळखता आला नाही. खरं आहे. पण झोपमोड होऊनही तो चिडला नाही. माणसाच्या हाकेला उठायची ज्याला सवय, त्यालाच देवाची हाक ऐकू आली. मला दोनदा हाक आली, आणि मी देवाचंच नाव पुढे करून ती गप्प केली.

बार्तीमय आंधळा होता, हे सगळ्यांना दिसत होतं. तरी तुला काय हवं, असं येशूनं त्यालाच विचारलं. दिसतंय तेवढ्यावरून त्यानं ठरवून टाकलं नाही.

रेव्ह. नारायण वामन टिळकांची गोष्टही आपल्याला ठाऊक आहे. राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या गोऱ्या प्रवाशानं आधी कवितेवर बोलणं काढलं, टिळकांना बोलू दिलं, आणि मग नवा करार हाती दिला. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाचं नाव त्यांना कधी कळलं नाही. आपल्याला मात्र घरात शिरताच शास्त्र काढायची घाई असते.

आता मी शास्त्र आधी पिशवीतच ठेवतो. "कसं काय चाललंय?" विचारतो आणि उत्तर संपेपर्यंत सल्ला देत नाही. माणूस गप्प झाला तरी थांबतो, कारण मनातली गोष्ट बरेचदा त्यानंतर येते. कन्नड शब्द अडला तर नुसती मान डोलावत नाही, विचारून घेतो. मग त्यांनी सांगितलेलंच प्रार्थनेत देवापुढे ठेवतो.

पहाटे मागणं मागायच्या आधी थोडा वेळ नुसता बसतो. रोज जमतंच असं नाही. पण बसलो की काल कुणाशी तुटक बोललो, ते आठवतं. देव माझ्याशी असाच बोलत असावा, असं मला वाटतं.

वाचकहो, तुमच्या घरात किंवा गल्लीत कुणी "एक बोलायचं होतं" म्हणालं असेल, तर आजच जा. उद्यावर ढकलू नका. मी ढकललं होतं.

आपला,
मंडळीचा एक सेवक, भालकी तालुका