हिरा, शिसपेन्सिल आणि सामाईक इलेक्ट्रॉन

खरा हिरा ऐरणीवर ठेवून घणाचा घाव घातला तरी फुटत नाही, ही समजूत फार जुनी आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी हाही तसेच सांगतो. या परीक्षेपायी किती अस्सल हिऱ्यांचा चुरा झाला असेल, त्याची गणती कोणी ठेवलेली नाही. हिरा कठीण खराच. त्याच्यावर ओरखडा उमटविण्यास दुसरा हिराच शोधावा लागतो. परंतु नेमक्या दिशेने बसलेल्या एका घावाने तो सरळ दुभंगतो, आणि पैलू पाडणारे कारागीर त्याच्या या स्वभावाचा उपयोग करीत आले आहेत.

हा हिरा आणि शिसपेन्सिलीतील काळे ग्राफाइट ही दोन्ही एकाच मूलद्रव्याची, कार्बनची, रूपे होत. (शिसपेन्सिलीत शिसे औषधालाही नसते; नाव मात्र चिकटून राहिले आहे.) लव्हाझिए याने १७७२ मध्ये मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून पाहिला. पुढे १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनज्ञाने दाखविले की, हिरा जळून जेवढा वायू निघतो तेवढाच समभार कोळशापासूनही निघतो. मग द्रव्य एक असताना गुणांत एवढी तफावत का?

उत्तर अणूंच्या परस्परबंधनात आहे. मिठात सोडियमचा अणू आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो, आणि विरुद्ध विद्युद्भारांच्या आकर्षणाने दोघे एकत्र राहतात. पण जेथे दोन्ही बाजू तुल्यबळ, तेथे देणार कोण आणि घेणार कोण? गिल्बर्ट न्यूटन लुईस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये सुचविले की, अशा वेळी दोन अणू इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक ठेवतात. बांधावरची विहीर जशी दोन्ही भावांच्या उताऱ्यावर लागते, तशी ही जोडी दोन्ही अणूंच्या हिशेबी जमा होते. या बंधाला सहसंयुज हे नाव लाभले ते अर्व्हिंग लँगम्यूर याच्या १९१९ मधील लेखनामुळे. त्याच्या व्याख्यानांनी कल्पना इतकी पसरली की, काही काळ ती त्याचीच समजली जाऊ लागली. लुईसला हे रुचले नाही. लँगम्यूरला, अन्य संशोधनासाठी का होईना, १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लुईसला ते अखेरपर्यंत मिळाले नाही.

कार्बनच्या बाहेरील कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. हिऱ्यात प्रत्येक अणू चार दिशांना चार शेजाऱ्यांशी जखडलेला असतो. १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना उलगडली. एकही इलेक्ट्रॉन मोकळा नाही, म्हणून हिऱ्यातून वीज वाहत नाही. ग्राफाइटात मात्र अणू तीनच शेजाऱ्यांशी बांधलेला असून षट्कोनांचे सपाट थर बनतात. चौथा इलेक्ट्रॉन थरभर हिंडतो आणि वीज वाहून नेतो. दोन थरांमधील ओढ अगदी क्षीण. ते एकमेकांवरून घसरतात आणि कागदावर अक्षर उमटते.

येथे विद्यार्थ्यांचा एक गोंधळ नेहमी होतो. कपड्यांत ठेवावयाच्या डांबरगोळीतील नॅफ्थलीन ८० अंश सेल्सिअसला वितळते, मीठ ८०१ अंशांना. तेव्हा सहसंयुज बंध दुबळा, असा निष्कर्ष ते काढतात. तो चुकीचा आहे. नॅफ्थलीन वितळते तेव्हा त्याच्या रेणूतील एकही बंध तुटत नाही. सुटतो तो रेणूरेणूंमधील सैल संबंध. पाण्याची वाफ झाली तरी हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची जोड अभंगच राहते. साखर पाण्यात विरघळते तीही अखंड रेणूंनी, म्हणूनच त्या पाण्यातून मिठाच्या पाण्याप्रमाणे वीज जात नाही. हिऱ्यात मात्र सुटे रेणू नाहीतच. सबंध खडा हाच एक रेणू. तेथे बंधच तोडावे लागतात. ज्या प्रतलात असे बंध सर्वांत विरळ असतात, तेथेच कारागिराची पाचर बसते.

साध्या दाबाखाली कार्बनचे अधिक स्थिर रूप ग्राफाइट हे आहे, हिरा नव्हे. तरीही पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या अंगठीतील खडा काळा पडत नाही. कारण हे रूपांतर घडावयाचे तर आधी ते भक्कम बंध मोडले पाहिजेत, आणि तेवढी ऊर्जा साध्या तपमानात मिळत नाही. उलट दिशेचा प्रवास माणसाने साधला आहे. प्रचंड दाब आणि उष्णता यांच्या योगे कृत्रिम हिरे तयार केल्याची घोषणा अमेरिकेत १९५५ मध्ये झाली, आणि दगड कापण्याच्या पात्यांना आज असेच हिरे बसविलेले असतात.