आभाळ मोठं, वाट अरुंद!

इंजिन नाही, घरघर नाही, तरी तासन्‌तास हवेत! ग्लायडर म्हणजे वाऱ्याच्या भरवशावर उडणारं देखणं विमान. एवढ्या विस्तीर्ण आकाशात दोन ग्लायडर एकमेकांवर आदळतील कसे? आदळू शकतात, म्हणून तर ते टाळण्याचं एक सुरेख शास्त्र उभं राहिलंय. त्यातल्याच या चटकदार गोष्टी.

सगळ्यांना हवी तीच जागा
ग्लायडरला वर चढायला वर जाणारी हवा लागते. उन्हाने तापलेली जमीन हवा तापवते, ती हवा स्तंभासारखी वर चढते. हेच थर्मल. असे स्तंभ मोजकेच आणि रुंदीलाही बेताचे असतात. कापसासारखा ढग दिसला किंवा घारी घिरट्या घालताना दिसल्या की आसपासचे सगळे वैमानिक तिकडेच वळतात. त्यामुळे आकाश कितीही रिकामं असलं तरी गाठ पडते ती नेमकी एकाच ठिकाणी.

पहिला आला, त्याने दिशा ठरवली
थर्मलमध्ये पहिला शिरलेला ग्लायडर डावीकडून फिरत असेल, तर नंतरच्या प्रत्येकाने डावीकडूनच फिरायचं. वारीतल्या गोल रिंगणात सगळे एकाच दिशेने धावतात, तसंच. वर्तुळात मधूनच घुसायचं नाही. बाहेरच्या बाजूने, आत असलेल्यांना दिसेल अशा बेताने सामील व्हायचं. ताशी १०० किलोमीटर वेग आणि ४५ अंशांचा कल असेल, तर वर्तुळाची त्रिज्या भरते जेमतेम ८० मीटर आणि एक फेरी पुरी होते सुमारे १८ सेकंदांत. एवढ्याशा जागेत कुणी उलट फिरू लागला, तर दर फेरीला समोरासमोर गाठ ठरलेलीच!

डोंगर उजवीकडे? मग वाट तुमची
वारा डोंगरावर आदळून वर चढतो, तेव्हा ग्लायडर उताराला धरून ये-जा करतात. समोरून दुसरा आला तर? साधा नियम असा की दोघांनी उजवीकडे वळायचं. पण ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे, तो वळणार कुठे? म्हणून त्याला अग्रहक्क. ज्याच्या डावीकडे डोंगर आहे, त्याने उजवीकडे, म्हणजे मोकळ्या हवेकडे सरकायचं. आणि परत फिरताना प्रत्येकाने डोंगराकडे पाठ करूनच वळायचं.

इंजिनवाल्याने थांबायचं
आंतरराष्ट्रीय नियमांनुसार इंजिनाच्या विमानाने ग्लायडरला वाट द्यायची, आणि ग्लायडरने बलूनला! ज्याच्या हातात सुटकेचे उपाय कमी, त्याचा हक्क मोठा. बलूनला तर हवा नेईल तिकडेच जावं लागतं. उतरतानाही जो खाली आहे त्याला आधी उतरू द्यायचं, कारण ग्लायडरला पुन्हा वर जाऊन दुसऱ्यांदा प्रयत्न करता येत नाही. मात्र या हक्काचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसायला मनाई आहे.

न हलणारा ठिपका सर्वांत घातक
काचेतून दिसणारं विमान सरकत असेल, तर बहुतेक वेळा ते बाजूने निघून जाणार असतं. पण एखादा ठिपका काचेवर एकाच जागी चिकटल्यासारखा राहिला आणि नुसता मोठा होत गेला, तर तो थेट आपल्याकडे येतोय. पंचाईत अशी की माणसाची नजर हलणारी वस्तू चटकन टिपते, स्थिर वस्तू मात्र तिच्यातून निसटते. तो ठिपका बराच वेळ इवलासा दिसतो आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम फुगतो. म्हणून प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून शिकवतात, की नजर एका जागी रोखायची नाही. आकाशाचा एकेक तुकडा घेऊन तपासत राहायचं.

साडेबारा सेकंदांचा हिशोब
अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने एक तक्ता दिला आहे. वस्तू दिसणं, ती विमान आहे हे ओळखणं, टक्कर होणार हे ध्यानात येणं, निर्णय घेणं, हात हलणं आणि विमानाने प्रतिसाद देणं, या सगळ्याला मिळून १२.५ सेकंद लागतात. त्यातले ५ सेकंद एकट्या 'टक्कर होणार' हे उमगण्यातच जातात. आता दोन ग्लायडर प्रत्येकी ताशी २०० किलोमीटरने समोरासमोर येत आहेत असं धरा. तेवढ्या वेळात त्यांच्यातलं जवळपास १४०० मीटर अंतर संपलेलं असतं!

पांढराच रंग का?
आजचे बहुतेक ग्लायडर काचतंतू किंवा कार्बनतंतू आणि रेझिन यांपासून बनतात. उन्हात फार तापलं तर रेझिन मऊ पडू लागतं, म्हणून ऊन परतवणारा पांढरा रंग. पण पांढऱ्या ढगासमोर किंवा बर्फाच्छादित शिखरासमोर पांढरा ग्लायडर दिसणार कसा? त्यात समोरून पाहिलं तर पंखाची जाडी वीतभरही नसते. म्हणून अनेक ग्लायडरांच्या नाकावर, पंखांच्या टोकांवर आणि शेपटीवर लाल किंवा केशरी पट्टे असतात.

वैमानिकांनीच घडवलेला पहारेकरी
आल्प्समधल्या टकरींनी अस्वस्थ झालेल्या ग्लायडर वैमानिकांनी २००४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये 'फ्लार्म' हे छोटं उपकरण आणलं. मोठ्या प्रवासी विमानांतली टक्कररोधक यंत्रणा ग्लायडरच्या कामाची नव्हती. एकमेकांजवळ गोल फिरणाऱ्या ग्लायडरांमुळे ती सारखी वाजतच राहिली असती. फ्लार्म उपग्रहांवरून आपली जागा ओळखतं, पुढच्या काही सेकंदांत ग्लायडर कुठे असेल याचा अंदाज बांधतं आणि तो रेडिओवरून आसपासच्या फ्लार्मना कळवतं. टकरीचा धोका दिसला तर पहिला इशारा साधारण १८ सेकंद आधी मिळतो. वर सांगितलेल्या साडेबारा सेकंदांशी ताडून पाहा, म्हणजे या आकड्याचं मोल कळेल! आल्प्समधल्या विजेच्या तारा आणि रोपवे यांची नोंदही त्यात भरता येते.

स्पर्धेत गुपित, धोक्यात नाही
ग्लायडिंग स्पर्धांत सुरुवातीची रेषा खुली होईपर्यंत डझनावारी ग्लायडर त्याच काही थर्मलमध्ये फिरत राहतात. तिथे फ्लार्म हवंच. पण त्याच्या पडद्यावर पाहून दूरच्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे मागे जाता आलं, तर स्पर्धेतली मजा जाते. यावर तोडगा म्हणून खास स्पर्धेसाठी एक सोय केली आहे. प्रतिस्पर्ध्यांची लांबवरची माहिती लपते, टकरीचा इशारा मात्र वाजतोच.

१६,००० फुटांवरची धडक
२८ ऑगस्ट २००६. अमेरिकेत नेवाडातल्या मिंडेनजवळ एक हॉकर जेट आणि एक ग्लायडर एकमेकांवर आदळले. ग्लायडरमध्ये आपली जागा रडारला कळवणारा ट्रान्सपाँडर होता. बॅटरी वाचवण्यासाठी तो बंद ठेवला होता. ग्लायडरचा वैमानिक पॅराशूटने उतरला, जेट चाकं न उघडताच धावपट्टीवर टेकलं आणि दोन्ही विमानांतले सगळे जण वाचले. उपकरण सोबत असणं आणि चालू असणं यांतला फरक या घटनेने जगाला दाखवला.

पाठीवर पॅराशूट
ग्लायडरचे वैमानिक सहसा पॅराशूट बांधूनच बसतात. पण मागे रेलून बसायच्या आसनातून, गरगरणाऱ्या ग्लायडरमधून बाहेर पडणं सोपं नसतं. म्हणून जर्मन तंत्रज्ञांनी 'रोगर हुक' काढला. काच सोडली की तो तिला मागच्या बाजूला धरून ठेवतो, त्यामुळे ती वैमानिकाला न लागता वर उघडून मागे फेकली जाते. 'नोआ' या यंत्रणेत तर आसनाखालची हवेची पिशवी फुगते आणि वैमानिकाला कडेपर्यंत उचलून धरते.

हडपसर ते कामशेत
पुण्यातलं हडपसरचं ग्लायडिंग सेंटर अनेकांना ठाऊक आहे. विंचच्या, म्हणजे दोरी गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दोरीने ग्लायडर वर खेचण्याआधी वरचं आणि आजूबाजूचं आकाश मोकळं आहे ना, हे जमिनीवरच्या माणसांनी पाहायचं असतं. टक्कर टाळणं सुरू होतं ते जमिनीवरूनच. कामशेतच्या डोंगरांवर उडणाऱ्या पॅराग्लायडरांनाही थर्मलमधली दिशा आणि उतारावरचा अग्रहक्क हेच नियम लागू होतात.

यंत्रापेक्षा मान मोठी
फ्लार्मला दिसतात फक्त आपली जागा रेडिओवरून कळवणारी विमानं. घार दिसत नाही, फ्लार्म नसलेला पॅराग्लायडरही दिसत नाही. शिवाय धोका कुठून येतोय एवढंच ते सांगतं, कुठे वळायचं ते सांगत नाही. वळण्याआधी मान फिरवून पाहणं, दुसऱ्याच्या पोटाखाली किंवा शेपटीमागे न रेंगाळणं, आपण काय करणार हे त्याला आधीच कळेल असं उडणं, हे माणसानेच करायचं. हे सगळे नियम एका वाक्यात मावतात: दुसरा पाहा आणि दुसऱ्याला दिसा. कामशेतला गेलात तर उतारावरचे पॅराग्लायडर कुठल्या बाजूला वळतात ते नक्की पाहा. नियम तुमच्या डोळ्यांसमोर पाळला जात असेल!