स्टेशन खाली, गाव वर

नेपल्सहून दक्षिणेकडे निघालेली पॅसेंजर गाडी सालेर्नो सोडते आणि तासाभरापूर्वी डब्यात असलेली पर्यटकांची गर्दी विरळ होते. बहुतेक जण अमाल्फीच्या किनाऱ्यासाठी आधीच उतरलेले असतात. पुढे पेस्तुम, अग्रोपोली, अशेआ, पिशोत्ता अशी छोटी स्टेशने येतात. चिलेंतो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात परदेशी पाहुणे तुलनेने कमी. जे येतात त्यांत साठी-सत्तरी ओलांडलेली जोडपी आवर्जून दिसतात. पाठीवर लहान पिशवी, हातात घडीची काठी, खिशात औषधांचा डबा. भाड्याची मोटार नाही, वातानुकूलित टूर बसही नाही. रेल्वे, गावची बस आणि पाय एवढ्यावर हा प्रवास होतो.

‘या वयात असं फिरणं झेपेल का?’ हा प्रश्न पुण्या-ठाण्यातल्या घरांतही विचारला जातो. मुलांना काळजी असते आणि आई-वडिलांच्या मनात धाकधूक. त्याचे उत्तर शोधायला चिलेंतोइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल, कारण आरोग्यशास्त्राच्या इतिहासात या प्रदेशाचे नाव पक्के कोरलेले आहे.

अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५८ साली सात देशांतील पुरुषांच्या हृदयविकाराचा दीर्घ अभ्यास सुरू केला. इटलीतील गटांमध्ये रोमचे रेल्वे कर्मचारीही होते. पुढे कीज आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी चिलेंतोतल्या पिओप्पी या कोळ्यांच्या गावात घर बांधले आणि अनेक वर्षे तिथे राहिले. भूमध्य सागरी आहाराची संकल्पना जगभर पोहोचवण्यात या दोघांचा मोठा वाटा होता. कीज यांच्या अभ्यासातील देशांच्या निवडीवर नंतर बरीच टीका झाली, ती पूर्णपणे गैरलागूही नाही. पण स्वतः कीज १९०४ मध्ये जन्मले आणि २००४ मध्ये, शंभरी पूर्ण करून गेले. युनेस्कोने २०१० मध्ये भूमध्य सागरी आहाराला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा इटलीच्या वतीने चिलेंतोचेच नाव पुढे आले.

हा आहार म्हटला की आपल्याकडे थेट ऑलिव्ह तेलाची महागडी बाटली डोळ्यांपुढे येते. चिलेंतोतल्या म्हाताऱ्यांच्या ताटात मात्र कडधान्ये, पालेभाज्या, सुके अंजीर आणि थोडी मासळी असायची. मांस सणासुदीला. आणि ताटापर्यंत पोहोचण्याआधी एक चढ असायचा. इथली जुनी गावे समुद्रापासून दूर, डोंगरावर वसलेली. शेत खाली, घर वर. कास्तेल्लाबाते हे मध्ययुगीन गाव तर समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तेलाची बाटली आयात करता येते, हा चढ नाही.

रेल्वेने फिरणाऱ्या ज्येष्ठांना तोच चढ आपोआप वाट्याला येतो. पिशोत्तामध्ये स्टेशन समुद्राकाठी आहे, गाव वर. अग्रोपोलीच्या जुन्या वस्तीत शिरायचे तर दगडी पायऱ्यांची रुंद वाट चढून वेशीतून आत जावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ६५ वर्षांपुढच्या व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळणारे व्यायाम करावेत. बस पकडायला जाणे, उतरून गावात फिरणे आणि परत येणे यात ती मिनिटे कधी भरतात ते कळत नाही. इंग्लंडमध्ये ज्येष्ठांना मिळणाऱ्या मोफत बसपासाचा अभ्यास लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. पास असणारे लोक पास नसणाऱ्यांपेक्षा नियमित चालणारे असण्याची शक्यता जास्त आढळली. चालता येते म्हणूनच पास घेतला, असेही असू शकते, हे खरे. तरी बस म्हणजे दोन्ही टोकांना थोडे चालणे, हे एसटीच्या थांब्यावर उभे राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. महाराष्ट्रात पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, त्याकडे या नजरेनेही पाहता येईल.

चढाची भीती सगळ्यांना असते. गुडघ्यांना खरा त्रास देतो तो उतार. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, शरीराचे वजन अडवून धरतात. सवय नसेल तर ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतात. म्हणून पहिल्याच दिवशी उत्साहाने सगळा डोंगर पालथा घालणारे तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या खोलीत बसून राहतात. यावरचा उपाय सार्वजनिक वाहतूकच देते. पहिले काही दिवस वर जाताना पायी, खाली येताना बस. निघण्याआधी सहा-आठ आठवडे घरच्या जिन्याने रोज उतरण्याचा सराव केला तर आणखी बरे. काठीने गुडघ्यावरचा भार हलका होतो. ती वापरण्यात कमीपणा कसला? गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा छातीत दुखण्याचा इतिहास असलेल्यांनी बेत ठरवण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवे, तिकीट काढल्यावर नव्हे.

त्याआधी विमानाचा प्रश्न येतो. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालात म्हटले आहे. मुळातला धोका लहान, निरोगी माणसांत सुमारे सहा हजारांत एक. पण वय, लठ्ठपणा, पूर्वी झालेली गुठळी यांनी तो वाढतो. हाच नियम लांबच्या बसला आणि रेल्वेलाही लागू आहे. फरक इतकाच की रेल्वेत उठून चार पावले टाकता येतात.

उन्हाळ्यातले ऊनही विसरून चालत नाही. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी कमी होते आहे हे उशिरा कळते. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी पिणे हे साधे पथ्य. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर मात्र डॉक्टरांनी ठरवलेलेच प्रमाण. दुपारी एक ते चार इथली दुकाने बंद असतात. आपल्याकडच्या माणसाला ते सुरुवातीला आळशीपणाचे वाटते, पण ज्येष्ठ प्रवाशाने त्या वेळी पडून राहावे हेच उत्तम. जुलै-ऑगस्टऐवजी मे किंवा सप्टेंबर निवडला तर उन्हाचा जाच बराच कमी होतो.

पेस्तुमपासून सुरुवात केली तर पाय हळूहळू तयार होतात. स्टेशनातून चालत दहा-पंधरा मिनिटांत, सपाट रस्त्याने, अडीच हजार वर्षांपूर्वीची तीन ग्रीक मंदिरे समोर येतात. अशेआजवळचे वेलिया त्याहून चढाचे. तत्त्वज्ञ पार्मेनिडिसचे हे गाव. रोमन काळात इथे वैद्यांची परंपरा होती हे उत्खननात सापडलेल्या शिलालेखांवरून दिसते. १९६४ मध्ये सापडलेली तिथली दगडी कमान पाहायला टेकडीवर जावे लागते.

औषधे सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवणे, चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घेणे, विम्यात जुने आजार धरले आहेत का ते बारीक अक्षरात वाचणे, ही कामे कंटाळवाणी असली तरी टाळू नयेत. आणीबाणीचा क्रमांक ११२. कागदी तिकिटावर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारावा लागतो, नाहीतर दंड. बसचे तिकीट बहुधा कॉफीच्या किंवा तंबाखूच्या दुकानात मिळते, आणि ते दुकानही दुपारी बंद असते.

पिओप्पीला रेल्वे नाही, बसच घ्यावी लागते. थांब्यावरच्या वेळापत्रकात ‘फेरियाले’ असा शब्द दिसतो. तो सुट्टीचा वाटतो, पण अर्थ नेमका उलटा: शनिवार धरून कामाचे दिवस. रविवार आणि सणांसाठी ‘फेस्तीवो’. त्या दिवशी बस एखादीच, कधी तीही नाही. शाळा चालू असतानाच धावणाऱ्या फेऱ्या वेगळ्या. शेवटची बस कोणती, हे थांब्यावर पिशवी घेऊन बसलेल्या गावच्या आजीला विचारून घेतलेले बरे. ती चुकली तर उतार पायीच उतरावा लागतो, आणि तोही अंधारात.