साठ सोंगांचा बहुरूपी

गोवर एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही. मग मलेरिया, म्हणजे आपला हिवताप, एकाच माणसाला पुन्हा पुन्हा कसा होतो? शरीराला शत्रूची ओळख पटत नाही की काय? पटते हो! पण तोवर शत्रूनं सोंग बदललेलं असतं. आज फौजदार तर उद्या हनुमान होऊन दारी येणारा बहुरूपी असतो ना, अगदी तसं.

या बहुरूप्याचं नाव प्लाझ्मोडियम फाल्सिपॅरम. मलेरियाच्या परजीवींमधला हा सर्वांत घातक. ॲनॉफेलिस डासाची मादी चावली की तिच्या लाळेतून तो आपल्या अंगात शिरतो, यकृत गाठतो, तिथे आठवडाभर गुपचूप वाढतो आणि मग रक्तातल्या तांबड्या पेशींत घुसतो. हे बिऱ्हाड मोठं सोयीचं! शरीरातल्या इतर बहुतेक पेशी आत काय चाललंय त्याचे नमुने बाहेर टांगून ठेवतात आणि पहारेकरी पांढऱ्या पेशी ते तपासत फिरतात. तांबड्या पेशीला मात्र तशी पाटीच नसते. घरात चोर शिरलाय हे रस्त्यावरून कळणार कसं?

पण एक धोका असतो, तो प्लीहेचा. (गावाकडे हिला पानथरी म्हणतात.) प्लीहा रक्त गाळते आणि ताठरलेल्या, बिघडलेल्या पेशी बाजूला काढते. तिथे जाणं टाळायचं, तर रक्ताबरोबर वाहून चालणार नाही. म्हणून परजीवी एक चिकट प्रथिन तयार करून तांबड्या पेशीच्या बाहेरच्या अंगावर पाठवतो. पेशीवर बारीक बारीक उंचवटे येतात आणि ती केशवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते. मेंदूतल्या केशवाहिन्या अशा तुंबल्या, तर रोगी बेशुद्ध होतो, जिवावर बेततं.

या प्रथिनाचं नाव पीएफईएमपी-१. पाठ करायची गरज नाही! पण इथेच चोराचं बोट खिडकीबाहेर दिसतं. आपलं शरीर त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. त्याला काही दिवस लागतात, आणि इकडे दर ४८ तासांनी पेशी फुटून १६ ते ३२ नवे परजीवी बाहेर पडत असतात. त्यांतल्या मोजक्यांच्या अंगावर वेगळंच प्रथिन असतं. कारण परजीवीकडे या प्रथिनाची सुमारे ६० जनुकं आहेत आणि एका वेळी त्यांतलं एकच चालू असतं. ही जनुकं १९९५ साली सापडली. प्रतिपिंडं जुन्या सोंगातल्या परजीवींचा फडशा पाडतात, नव्या सोंगातले मोजके वाचतात आणि तेच पुढे वाढतात. ते विचार करून असं करतात, असं मात्र समजू नका. त्यांना कुठला आलाय मेंदू!

शिवाय एका परजीवीची साठ सोंगं ती दुसऱ्याची असतीलच असं नाही. त्यामुळे ती ओळखता ओळखता मुलांची कितीतरी वर्षं जातात, आणि तीच वर्षं सर्वांत धोक्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली मलेरियानं सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. त्यांत बहुसंख्य होती आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं.

मग लस करायची तरी कुठल्या सोंगाविरुद्ध? शास्त्रज्ञांनी सोंगं सुरू होण्याआधीच गाठायचं ठरवलं. डासाच्या लाळेतून येताना परजीवी सुईसारखा बारीक असतो आणि त्याच्या अंगावर एक ठरावीक प्रथिन असतं. त्याविरुद्धच्या पहिल्या लशीची शिफारस २०२१ साली झाली. दुसरी, ‘आर-२१’, ऑक्सफर्ड विद्यापीठात घडली. ती बनवते आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट! तिची शिफारस २०२३ साली झाली आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या मुलांना ती द्यायला सुरुवात झाली. चार डोस घ्यावे लागतात, आणि तरीही मच्छरदाणी सुटत नाही. कारण ती सुई यकृतापर्यंत पोचायला तासभरही पुरतो, आणि निसटून तिथे पोचलेल्या एकीपासूनसुद्धा हजारो परजीवी तयार होतात.